चार नंबरच्या खोलीच्या नोंदी

एकतीस वर्षं मी पाणीपुरवठा खात्यात तक्रारींना उत्तरं लिहिली. पाणी सोडणारे वेगळे होते. ते का आलं नाही हे सांगणारा मी. एवढ्या वर्षांत माझ्यामुळे एकाही नळाला पाणी आलं नाही, पण माझं उत्तर हातात पडल्यावर दुसऱ्यांदा तक्रार करायला आलेला माणूसही क्वचितच. निरोपाच्या दिवशी साहेब म्हणाले, "यांच्या पत्रानं माणसाची तहानच मरायची." मी ते कौतुक म्हणून घेतलं आणि शाल घेऊन घरी आलो.

तेव्हापासून आमच्या गोतावळ्यात कोणाला कोणाविरुद्ध तक्रार करायची असली की माझ्याकडे येतात. निवृत्त चोराला कुलूप निवडायला न्यावं, तसं. विजेचं बिल, फाटलेला गालिचा, लग्नाच्या फोटोंत नवरीचे मिटलेले डोळे, सगळं मी मार्गी लावलं आहे. मागच्या महिन्यात ताईची तिन्ही मुलं आली ती एका हॉटेलविरुद्ध तक्रार घेऊन.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. वय शहात्तर. मेहुणे गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. इमारतीला लिफ्ट नाही. सहा महिन्यांपूर्वी ती जिन्यात घसरली, डावं मनगट मोडलं, आणि मुलांनी एकमतानं ठरवलं की आईला आता एकटं ठेवायचं नाही. एकमत तिथं संपलं. कारण कुठं ठेवायचं हा पुढचा प्रश्न होता, आणि तिघांची तीन घरं असली तरी प्रत्येक घरात नेमकी एक खोली कमी होती.

मग तिघांनी डोकं चालवलं. चार दिवस सगळ्यांनी मिळून एका तळ्याकाठच्या हॉटेलात जायचं, आईलाही न्यायचं, निवांत बोलायचं आणि निर्णय घेऊनच परतायचं. चार दिवस गेले, ते परत आले. निर्णय काही आला नाही.

"हॉटेलच असं भिकार होतं, मामा," भाची म्हणाली, "की विषयच काढता आला नाही."

हॉटेलातून गाडी थेट माझ्या दारात आली. ताई एक पिशवी घेऊन उतरली. "दोनच दिवस, मामा," थोरला भाचा म्हणाला. ताईच्या घराला कुलूप होतं आणि किल्ली त्याच्या खिशात. मुलं तक्रार लिहायला जमली तेव्हा त्या दोन दिवसांतला एकोणिसावा दिवस चालू होता.

आमच्या घरात मी, मुलगा आणि सूनबाई. ताई बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपायची. पिशवीतून कपडे काढायची, धुवायची, वाळवायची, घडी करून परत पिशवीत ठेवायची. तिसऱ्या दिवशीच सूनबाईनं मला विचारलं होतं, "बाबा, आत्यांना कपाटातला एक खण रिकामा करून देऊ का?"

"कशाला?" मी म्हणालो. "दोन दिवसांसाठी?"

असो. तक्रारीचं सांगत होतो.

माझी एक पद्धत आहे. तक्रारदारांना एकत्र ऐकायचं नाही. एकत्र बसले की एकमेकांचं ऐकून फुगवतात. एकेकाला समोर बसवायचं आणि प्रत्येक मुद्द्याला वेळ विचारायची. वेळ नसलेली तक्रार म्हणजे नुसती शिवी. तिचं कोणी मनावर घेत नाही.

धाकटा आधी बसला. हा घरून कॉम्प्युटरवर काम करतो आणि बहुधा झोपेतही करत असावा. "इंटरनेट," तो म्हणाला. "मिनिटामिनिटाला जायचं."

"वेळ सांग."

"सगळाच वेळ, मामा!"

"म्हणजे चारही दिवस तू इंटरनेटच बघत होतास?"

"छे छे. लिहा, दुपारी दोन ते चार."

भाची शाळेत मुख्याध्यापिका आहे. ती वहीत लिहूनच घेऊन आली होती. अंडी गार, साडेआठ. उशीला वास, रात्री दहा. "आणि ते नॅपकिन! टेबलावर तिघं बसलो तर तीन तऱ्हा. एकाची होडी, एकाचा पंखा, एक नुसताच चुरगळलेला. एवढं मोठं हॉटेल, साधी घडी घालता येत नाही? माझ्या चौथीतली पोरं बरी घालतील."

मी लिहून घेतलं. ती जरा पुढं सरकली.

"आणि आईची खोली, मामा. आम्हाला सगळ्यांना वरच्या इमारतीत दिल्या, तळं दिसणाऱ्या. आईला दिली चार नंबरची. बागेच्या पार टोकाला, बावीस पायऱ्या उतरून. मनगट अजून धड नसलेली बाई. हे काय वागणं झालं?"

माझे डोळेच चमकले. अंडी आणि नॅपकिन हे भरताड झालं. हा हुकमाचा एक्का होता. थोरल्याला बोलावलं. तो विमा कंपनीत साहेब आहे. त्याचं काम लोकांचे दावे नाकारणं, म्हणजे एका अर्थी आम्ही एकाच घराण्यातले. गरम पाणी सातऐवजी सात-चाळीसला आलं, एवढं सांगून तो उठायला लागला.

"आणि आईच्या खोलीचं?" मी म्हणालो.

"ते राहू दे, मामा. किरकोळ आहे."

"किरकोळ? म्हाताऱ्या बाईला बावीस पायऱ्या खाली टाकतात आणि किरकोळ? पहिला मुद्दा हाच घालणार मी."

"नाही, म्हणजे..." त्यानं पाण्याचा पेला उचलला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही. "बघा बुवा तुम्हाला योग्य वाटेल तसं."

मी ते सौजन्य समजलो. एकतीस वर्षं खिडकीच्या पलीकडच्या माणसाचा चेहरा वाचायचं काम केलेला मी.

शेवटी ताईची साक्ष. ती स्वयंपाकघरात मटार सोलत होती.

"ताई, हॉटेल कसं होतं?"

"चांगलं होतं."

"खोली?"

"चांगली होती. स्वच्छ होती."

"अगं, काही त्रास?"

"माणसं चांगली होती रे," ती म्हणाली आणि एक किडका दाणा बाजूला टाकला.

मी लिहिलं, 'ज्येष्ठ महिलेवर झालेल्या परिणामाची तीव्रता अशी की त्यांना तक्रार करणेही सुचत नाही.'

पत्र झकास जमलं. सहा मुद्दे, सहा वेळा. मागण्या दोन. एक, लेखी माफी. दुसरी थोरल्याच्या डोक्यातली, संपूर्ण कुटुंबाला पुन्हा चार दिवसांचा मोफत मुक्काम, 'जेणेकरून सेवेतील त्रुटींमुळे अपूर्ण राहिलेली कौटुंबिक चर्चा पूर्ण करता येईल.' आणि तळाला माझी खास मेख. 'चारही दिवसांच्या खोलीनिहाय सेवेच्या नोंदींची प्रत द्यावी, विशेषतः खोली क्रमांक चार.' या एका वाक्यानं समोरच्याला घाम फुटतो. कारण नोंदी कुठंच नसतात. माझ्या खात्यात नव्हत्या, तर हॉटेलात कुठून असणार? नोंदी मागितल्या की समोरचा गयावया करत तडजोडीला येतो. मी स्वतः कितीदा आलो आहे.

तिघांनी सह्या केल्या. सहा महिन्यांत या तिघांनी एका कागदावर केलेली ही पहिली सही. मग चहा झाला, हशा झाला, अंड्यांची नक्कल झाली. ताईनं कप विसळले. निघताना पिशवीचा विषय कोणी काढला नाही. थोरला चपला घालता घालता म्हणाला, "आई, हॉटेलचं उत्तर येऊ दे, मग बसूच आपण."

म्हणजे ताईनं कुठं राहायचं हे आता एका हॉटेलच्या टपालावर अवलंबून होतं.

"बाबा, आत्यांचं काय ठरलं?" सूनबाईनं त्या आठवड्यात विचारलं.

"उत्तर यायचंय."

"कोणाचं?"

"हॉटेलचं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. खात्यात असताना खिडकीतून लोक असं पाहायचे. मी पेपर उघडला.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. जाडजूड. हातात घेताच मला स्फुरण चढलं. जाड पाकीट म्हणजे समोरचा घाबरला. मी ते फोडलंच नाही. रविवारी तिघांना बोलावलं, त्यांच्यासमोर कात्रीनं कडा कापली आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. ताई दिवाणावर बसली होती, भिंतीला टेकून.

पत्र हॉटेलच्या व्यवस्थापिकेचं होतं. पहिल्याच वाक्यानं मी मान डोलावली. 'आपले पत्र आम्ही दोनदा वाचले.' वा! 'काळजीपूर्वक वाचले' असं शिकाऊ लिहितो. दोनदा म्हणणारा मुरलेला असतो.

गरम पाण्याबद्दल माफी होती. अंड्यांबद्दल माफी होती. इंटरनेटबद्दल खेद होता. तिघं खुशीत एकमेकांकडे पाहत होते.

"'मुद्दा क्रमांक एक, खोली क्रमांक चार,'" मी वाचलं. "'ही खोली आम्ही आपल्या मातोश्रींना दिली नाही, ती मागण्यात आली होती. बुकिंग करणाऱ्यांचे पत्र सोबत जोडले आहे. त्यातील मजकूर असा: आईसाठी मुख्य इमारतीपासून शक्य तितकी लांबची खोली द्यावी. आम्हाला घरगुती बोलायचे आहे, ते तिच्या कानावर जायला नको. पायऱ्यांची कल्पना आम्ही दिली होती. चालेल, असे उत्तर मिळाले.'"

बुकिंग थोरल्यानं केलं होतं.

"दादा?" भाची म्हणाली.

"मग काय तिच्यासमोर बोलणार होतीस?" थोरला उसळला. "सगळ्यांच्या सोयीचंच केलं ना मी?"

"पण बोललो कुठं आपण?" धाकट्यानं विचारलं. त्याच्या आवाजात खरीच उत्सुकता होती.

"तू फोनमधून डोकं वर काढलंस का?"

"पुढं वाचा, मामा," भाची म्हणाली. ती शाळेतल्या आवाजात बोलते तेव्हा माणूस ऐकतो. मी पान उलटलं. नोंदी होत्या. खोलीनिहाय, वेळेसकट, चारही दिवसांच्या. विशेषतः खोली क्रमांक चार.

थांबायला हवं होतं. पण अर्धा कागद वाचून झालेला, सगळे माझ्या तोंडाकडे बघत असलेले, आणि मागणी माझ्याच हातची. मी वाचत गेलो.

'पहिला दिवस, दुपारी चार-दहा. पाहुण्या बाईंनी मुलाच्या खोलीचा नंबर विचारला. बुकिंग करणाऱ्यांची सूचना: आईचे फोन वर देऊ नयेत, आम्हीच खाली येऊ. तसे सांगितले.

'संध्याकाळी साडेसहा. कोणी खाली येऊन गेले का, असे विचारले. नाही.

'रात्री आठ. बाईंनी खोलीत दोन ताटे मागवली. एक न उघडता परत आले.

'दुसरा दिवस, सकाळी सव्वानऊ. बाई पायऱ्या चढून वर आल्या. लागलेला वेळ अठरा मिनिटे. कुटुंबीय तळ्यावर होडीतून फिरायला गेले होते. चहा दिला. हात धरून खाली पोहोचवले.

'दुपारी बारा-चाळीस. काही काम आहे का, असे विचारले. पाहुण्यांना काम देत नाही, असे सांगितले.

'दुपारी तीन. पुन्हा विचारले. चादरी-टॉवेल सांभाळणाऱ्या आमच्या बाईंनी त्यांना शेजारी बसवून घेतले व नॅपकिन दिले. डाव्या मनगटामुळे हळू. साठ नग.

'तिसरा दिवस, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. तिथेच. एकशे चाळीस नग.'

खाली व्यवस्थापिकेनं दोन ओळी घातल्या होत्या. 'नॅपकिनांच्या घडीबाबतची आपली तक्रार आम्ही संबंधितांना कळवलेली नाही. ती आपणच कळवावी.'

भाचीनं पदर सारखा केला, मग पुन्हा तोच पदर सारखा केला.

'चौथा दिवस, सकाळी अकरा. ही खोली कायमची राहायला मिळते का, असे बाईंनी विचारले. मिळत नाही, असे सांगितले.'

नोंदी संपल्या. शेवटी मोफत मुक्कामाचा परिच्छेद होता, आणि तो मी आधी डोळ्यांनी वाचला, मग तोंडानं. 'मागणी मान्य करता येत नाही. निर्णय न होणे ही बाब हॉटेलच्या सेवांमध्ये मोडत नाही.' एकतीस वर्षांत मला एवढं चोख वाक्य जमलं नव्हतं. त्याही स्थितीत मला हेवा वाटला, हे इथं कबूल करतो.

ताई भिंतीला टेकून बसली होती, तशीच. तिच्यासाठी यात नवीन काहीच नव्हतं.

मग थोरला खाकरला. "ही खाजगी माहिती आहे," तो म्हणाला. "पाहुणा कधी उठला, कुठं गेला, किती मिनिटं लागली... ही पाळत झाली. यावर तक्रार होऊ शकते, मामा."

भाचीच्या चेहऱ्यावर रंग परतला. "होऊ शकते काय, व्हायलाच हवी! ताटं मोजतात म्हणजे काय?"

"आणि आईला कामाला लावलं!" धाकटा म्हणाला. "या वयात! मोडक्या हातानं दोनशे नॅपकिन! हा तर गुन्हाच असेल."

तिघं खुर्च्या ओढून जवळ सरकले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथं तिघांना मिळून ओंडका सापडला होता. "लिहा, मामा," थोरला म्हणाला. "या वेळी सोडायचं नाही."

मी पेनाचं टोपण काढलं. लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू, पहिलं वाक्य मला सुचलंही होतं.

"किल्ली दे," ताई म्हणाली.

"कसली किल्ली?" थोरल्यानं विचारलं.

"माझ्या घराची. तुझ्या खिशात आहे ना."

"आई, तिसरा मजला आहे."

"माहीत आहे. चाळीस वर्षं राहिलेय."

"अगं पण चढणार कशी?"

"बसत बसत."

"आणि उतरायचं झालं तर?"

"उतरायचंय कशाला?" ताई म्हणाली.

या ठिकाणी एका वाक्याची गरज होती. लांब नाही, तीन-चार शब्दांचं. 'माझ्याकडे चल, आई.' भाचीनं धाकट्याकडे पाहिलं, धाकट्यानं थोरल्याकडे, थोरल्यानं पंख्याकडे. वाक्य माझ्याही मालकीचं होऊ शकत होतं. त्यात 'आई'च्या जागी 'ताई' घातलं की झालं. मी पेनाचं टोपण परत लावलं.

थोरल्यानं जुडगा काढला. किल्ली गाडीच्या किल्लीबरोबर अडकवली होती. कडीतून ती सुटेना. नखानं ओढून ओढून त्यानं ती काढली आणि ताईच्या हातावर ठेवली.

त्यानंतर सगळं भराभर झालं. भाचीनं डब्याची व्यवस्था करते म्हणून सांगितलं. धाकट्यानं फोनवरच दूध, भाजी, औषधं रोज दाराशी येतील असं लावून टाकलं. थोरल्यानं सकाळ-संध्याकाळ येणारी बाई ठरवली. चार दिवस तळ्याकाठी बसून जो निर्णय झाला नव्हता, तो सात मिनिटांत झाला. घड्याळ माझ्यासमोरच होतं. सुंठीवाचून खोकला गेला. तिघांचे चेहरे इतके हलके झाले की हॉटेलचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. सूनबाई दारात उभी होती. ताईनं तिच्या गालावरून हात फिरवला. सूनबाई माझ्याकडे बघत राहिली. मी चष्मा पुसला.

ताईच्या इमारतीसमोर गाडी लावायला जागा नव्हती, म्हणून थोरला आम्हाला फाटकाशी सोडून गाडीतच बसला. धाकट्यानं पिशवी घेतली, धडाधड वर जाऊन दाराशी ठेवली आणि दोन दोन पायऱ्या टाकत खाली येताना आमच्या बाजूनं निघून गेला. "सावकाश हं, आई," तो म्हणाला. आम्ही तेव्हा सातव्या पायरीवर होतो.

मजल्याला अठरा पायऱ्या. ताई उजव्या हातानं कठडा धरायची, एक पाय ठेवायची, दुसरा त्याच्याशेजारी आणायची, थांबायची. पहिल्या मजल्यावर आम्ही दम खाल्ला. दुसऱ्या मजल्यावर ती पायरीवरच बसली, मीही बसलो. लहानपणी आम्ही असेच जिन्यात बसायचो, पण तेव्हा मला बोलायला विषय सुचायचे.

ती म्हणाली, "दीड महिना होते तुझ्याकडे. एकदा तरी म्हणायचंस, राहा म्हणून."

"सूनबाईला विचारायला हवं होतं."

"विचारलंस?"

"नाही."

"काय म्हणाली असती ती?"

"कोण जाणे," मी म्हणालो. "हो म्हणाली असती कदाचित."

"म्हणूनच नाही विचारलंस."

ती हे रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. रागाला मी उत्तर देऊ शकतो, तो माझा धंदाच होता. तिनं नुसतं सांगितलं, आज कोणता वार आहे हे सांगावं तसं. मग कठडा धरून ती उठली.

"चल," ती म्हणाली. "अठरा राहिल्या."

ती पुढं आणि मी दोन पायऱ्या मागं असे आम्ही चढायला लागलो. बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई पडल्याच तर धरायला मागं भाऊ आहे.